खांबाजवळची पितळी पाटी

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,

स. सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नये. तुझी भावजय जाऊन आता तिसरा महिना चालू आहे. तू परत गेल्यापासून घर आवरायला घेतो असं रोज म्हणतो आणि रोज तेच कपाट उघडून पुन्हा लावतो. तिचे कपडे कोणाला द्यायचे ते तू सांगून गेलीस, पण हात उचलत नाही. बाकी तब्येत ठीक. शेजारीण दुपारचा डबा देते. मी नको म्हणालो तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं, तेव्हा आता मुकाट्यानं घेतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. आपल्या चर्चला यंदा दीडशे वर्षं होतात, म्हणून कमिटी स्मरणिका काढणार आहे आणि चर्चचा इतिहास मी लिहावा असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, जन्मभर पाणी खात्यात नळांचे नकाशे काढले, चार ओळींच्या अर्जापलीकडे मला काही लिहिता येत नाही. त्यावर ते म्हणाले की इतिहासालाही सरळ रेघच लागते. मला रिकामं बसू द्यायचं नाही म्हणून हे काम काढलंय हे मला कळतं, आणि मला ते कळलंय हे त्यांनाही कळतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. हो म्हणून टाकलं.

गोऱ्या पलटणीसाठी बांधलं, इंग्रज गेल्यावर आपल्या लोकांकडे आलं, एवढंच मला ठाऊक आहे. जुनी दप्तरं साहेब लोक जाताना घेऊन गेले म्हणतात. तू मोठी, तुला लहानपणचं जास्त आठवत असेल. सवडीनं कळव. दाजींना सलाम.

लोभ असतोच, तो तसाच राहू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ

---

ता. १९ जानेवारी

चि. फूटपट्टीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं आणि रागही आला. ‘तब्येत ठीक’ एवढं लिहून तू सुटतोस. वजन किती उतरलं ते लिहीत जा. कपाटाचं राहू दे. मी पुन्हा येईन तेव्हा दोघं मिळून करू. माझे गुडघे काय म्हणतात त्यावर येणं अवलंबून, आणि ते सध्या काही चांगलं म्हणत नाहीत.

पाळकसाहेबांना माझा सलाम सांग. माणूस हुशार आहे. तुला शोक करायला सांगितलं असतं तर तू केला नसतास, नकाशा काढायला सांगितला की निमूट बसशील.

मला आठवतं ते लिहिते. आपले आजोबा भिंतीबाहेर बसून पंख्याची दोरी ओढायचे. आत मोठा कापडी पंखा आणि बाहेर आजोबा. दोरी जायची ती भोकं भिंतीत अजून आहेत का बघ. आत प्रवचन लांबलं की बाहेर आजोबांचा डोळा लागायचा, पंखा थांबायचा, आणि मग कुणीतरी साहेब आतून काठीनं भिंत ठोकायचा. आजोबा हे इतक्या चवीनं सांगायचे की जणू त्यांनीच साहेबाला ठोकलं होतं. बाकांच्या पाठीला बंदुका टेकवायच्या खाचा होत्या. आपण त्यांत छत्र्या अडकवायचो आणि आई डोळे वटारायची.

पण तू सुरुवात आपल्या खांबाजवळच्या पितळी पाटीपासून कर. आपण कायम तिच्याच शेजारी बसायचो. सगळ्यांत जुनी पाटी तीच, चर्च ज्यानं बांधलं त्याचं नाव तिच्यावर आहे असं मोठी माणसं म्हणायची. मला इंग्रजी येत नव्हतं तेव्हा मी प्रवचन चालू असताना ती अक्षरं बोटानं गिरवायचे. चांगली खोल होती, बोटाचं टोक बसायचं. आणि आपली लख्खी तिच्यामागे किती असायची! मी तिला लख्खी नाव ठेवलं ते त्या पाटीवरूनच. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात तिनं पाटी अशी घासली की मला तिच्यात माझे पांढरे केस दिसले, आणि मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

हे लिहिताना हसत होते, आता हसू येत नाही. पुरे करते. खुर्चीत झोपू नकोस, मान धरते. दाजी सांगतात की इतिहासात त्यांचंही नाव घाल, एकदा त्यांनी तिथं देणगीच्या पेटीत टाकायच्या ऐवजी चुकून उचललं होतं. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

उलट टपाली लिही. तुझी खुशाली कळेपर्यंत मला चैन नाही.

तुझी ताई

---

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

स. सलाम वि. वि.

वजन केलेलं नाही. पट्टा एक भोक आत गेला आहे, त्यावरून अंदाज करावा.

तू म्हणालीस तसं केलं. किल्ली घेऊन गेलो. पंख्याच्या दोरीची भोकं आहेत, त्यांत चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. खाचा आहेत. शिडीवर चढून वरच्या पाट्या पाहिल्या. त्या काळ्या ठिक्कर पडल्या आहेत, पण ओल्या फडक्यानं धूळ पुसली की प्रत्येक अक्षर वाचता येतं. कोण कर्नल, कोण तापानं गेला, कुणाची बायको, सगळं उतरवून घेतलं.

मग खांबाजवळ आलो. ताई, त्या पाटीवर काही नाही.

आधी वाटलं चष्म्याचा दोष. खिडकी उघडली, तिरक्या उजेडात पाहिली. मग ऑफिसात करायचो तसा पातळ कागद लावून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. कोपऱ्यात थोडी किनार उमटली, मध्ये एका जागी उभी रेघ, ती अक्षर आहे की ओरखडा ते सांगता येत नाही. बाकी कागद सगळीकडे सारखा करडा.

तू गिरवायचीस ती अक्षरं घासण्यात गेली. दर शनिवारी ती पायरीवर चपला काढून आत जायची, पदर खोचायची, डबीतून विटकरीची बारीक पूड घ्यायची, लिंबू पिळायची आणि हात भरून येईपर्यंत घासायची. वरच्या पाट्यांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून त्या वाचल्या. मी कितीदा तिला न्यायला जायचो. ती मागे सरून बघायची, आणि मीही म्हणायचो, छान झाली. वाचून मात्र आम्ही दोघांनी कधी पाहिली नाही.

हे माझ्यापुरतं राहिलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी छपराची गळती बघायला जुन्या इमारतींच्या जाणकार एक बाई आल्या. पाळकसाहेब, कमिटीचे सेक्रेटरी आणि मी बरोबर होतो. बाईंनी पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की ही झिजलेली नाही, झिजवलेली आहे, कुणीतरी वर्षानुवर्षं खरबरीत पुडीनं घासली. मग विचारलं, हे कोण करायचं? पाळकसाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. ते जुने हेडमास्तर, गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे पाहावं तसे बघत होते. बाई वाईट नव्हत्या. यापुढे कुणी हात लावू नये एवढं सांगून गेल्या. पण गेल्यावर सेक्रेटरी म्हणाले की चर्चचं एवढं मोठं नुकसान झालं आहे तर ते इतिहासात नमूद झालंच पाहिजे, आणि इतिहास तुम्ही लिहिताय.

मी आठवडाभर लोकांना विचारत फिरलो. जन्मभर त्या पाटीखाली बसलेली माणसं. सुतार म्हणतो इंजिनियर होता. ऑर्गन वाजवणारी म्हणते पहिले पाद्री. सेक्रेटरी शपथेवर कर्नल सांगतात. चर्च कोणी बांधलं ते आता कुणालाच माहीत नाही.

मला सांग मी काय करू. हे गाळलं तर मी खोटा इतिहास लिहिला. लिहिलं तर ज्या चर्चसाठी तिनं हात झिजवले त्याच्या इतिहासात ती नुकसान करणारी म्हणून उरेल. ती असती तर तिलाच विचारलं असतं.

फार दमायला होतं. पत्रोत्तराची वाट बघतो.

तुझा भाऊ

---

ता. १४ फेब्रुवारी

चि. भावास,

अनेक आशीर्वाद.

आज चिडवायचं मन नाही. तुझं पत्र दाजींना वाचून दाखवता दाखवता मला मध्येच थांबावं लागलं.

त्या हेडमास्तरला माझं नाव सांगून विचार, इतकी वर्षं चकचकीत पाटीशेजारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलात, तेव्हा नुकसान दिसलं नाही का? पाहुणे आले की हाच गृहस्थ त्यांना पाटीपाशी न्यायचा आणि आमच्या चर्चची स्वच्छता बघा म्हणायचा.

माझं ऐक. गाळून टाक. पाटी जुनी आहे, पुसट आहे, एवढं लिही आणि पुढे जा. मेलेल्या माणसावर कुणी नालिश करत नाही, तू आपण होऊन करू नकोस.

आणि एक गोष्ट, जी मी तुला सांगितली नव्हती. तुझ्या पोरीच्या लग्नाला मी आले होते, तेव्हा शनिवारी मी लख्खीबरोबर गेले होते. मी सहज पाटीवर बोट ठेवलं तर पूर्वीसारखं बुडेना. मी म्हटलं, अगं, अक्षरं पातळ झाली की. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, “वन्सं, मला दिसतंय ते. मग काय, वाचता यावी म्हणून काळी ठेवू?” मी हसले आणि विषय तिथंच संपला. म्हणजे तिला माहीत होतं. हे तुझ्याजवळच ठेव. बाहेर गेलं तर म्हणतील मुद्दाम केलं. तिनं मुद्दाम काही केलं नाही रे. तिच्या हाताला काळं बघवत नव्हतं, एवढंच.

जेवत जा. माझ्यासाठी जेव.

तुझी ताई

---

ता. ११ मार्च

ती. ताईस,

स. सलाम वि. वि.

तिनं असं म्हटलं होतं हे वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि बऱ्याच वेळानं पुन्हा उचललं. तिचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले होते.

काल कमिटीची बैठक झाली. मी तिथवर लिहिलेलं वाचून दाखवलं, पाटीपाशी थांबलो आणि म्हटलं, पुढचं तुम्ही ठरवा. मला वाटलं होतं सेक्रेटरी ताणून धरतील. तसं झालं नाही. पाळकसाहेबांनी आधीच सगळ्यांशी बोलून ठेवलं असावं. त्यांनी एक वाक्य तयार करून आणलं होतं: ‘कालौघात या पाटीवरील अक्षरे पुसट झाली.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनीही. वर उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चहा मागवला. मीही सुटलो असं वाटून घरी आलो आणि ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलं.

उतरवल्यावर पहिल्यापासून सगळं एकदा वाचलं. पलटणीचे कर्नल आहेत. पाद्री आहेत, त्यांच्या आल्या-गेल्याच्या सालांसकट. घंटा कुठल्या जहाजातून आली ते आहे. जहाजाचंसुद्धा नाव आहे. आजोबा नाहीत, मी लिहिलं होतं ‘पंखे ओढण्याची सोय होती’. आपल्यातलं कुणीच नाही. एकच जागा होती जिथं आपलं माणूस येणार होतं, आणि तिथं मी काळ आणून बसवला.

आज सकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांना म्हटलं, “काळानं नाही, तिनं घासली. तसंच लिहायचं, नावासकट.” ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, लोक हसतील हो, आम्ही तुम्हाला वाचवत होतो. मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि त्याबद्दल उपकारच आहेत. तेवढ्यात सेक्रेटरी आले. ते भडकले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणाले, मी लिहा म्हटलं तेव्हा तुमचं तोंड उतरलं, आता झाका म्हटलं तर तुम्हाला दवंडी पिटायची आहे, आम्ही करायचं तरी काय? मी सांगितलं की ते वाक्य असंच जाणार असेल तर इतिहासाचे कागद मी परत घेतो, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्या.

इतकं मी कधी कुणाला बोललो नव्हतो. रविवारी कळवतो म्हणाले आहेत.

तू गाळ म्हणाली होतीस. तुझं ऐकलं नाही. माफ कर, पण रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा भाऊ

---

ता. २० मार्च

चि. भावास,

अनेक आशीर्वाद.

रागावले होते. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात तुला हट्टी म्हटलं होतं, दुसऱ्यात त्याहून वाईट. हे तिसरं.

लोक हसतील ही भीती मलाही आहे. लख्खी गेल्यावर तिच्यावर कुणी हसलेलं मला चालणार नाही. ती असताना हसायचा हक्क माझा होता, तो मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. पण तू कागद परत घेतो म्हणालास हे वाचून दाजी उठून बसले आणि म्हणाले, फूटपट्टी वाकली नाही. मग मलाही शांतपणे विचार करावा लागला.

तू लिहिणारच असशील तर अर्धवट लिहू नकोस. विटकरीची पूड लख्खीनं कुठून आणली? सासूकडून. डबीही सासूचीच. आईनं आधी राखेनं सुरुवात केली आणि राखेनं चकाकी येईना म्हणून विटकर आणली. मी स्वतः ती कुटून, फडक्यातून गाळून दिलेली आहे. निम्मी अक्षरं आईनं घालवली, निम्मी लख्खीनं. तुझ्या बायकोला एकटीला सगळ्यांपुढे उभी करू नकोस. तिच्या शेजारी आईला उभी कर. आई असती तर स्वतःच पुढे आली असती आणि वर हेडमास्तरला विचारलं असतं की पाटी चकचकीत होती का नव्हती.

माझं नाव घालायची गरज नाही. मी नुसती कुटत होते.

गुडघ्यांना मलम लावते. ते येऊ देणार नाहीत असं दिसतं, तेव्हा काय झालं ते सगळं सविस्तर लिही. आता मला झोप नाही.

तुझी ताई

---

ता. २८ एप्रिल

ती. ताईस,

स. सलाम वि. वि.

स्मरणिका वेगळ्या टपालानं पाठवली आहे. कागद बरा आहे, फोटो काळे आले आहेत. तुला पान शोधायला नको म्हणून ते इथं उतरवतो:

‘दक्षिणेकडील खांबाजवळची पितळी पाटी ही चर्चमधील सर्वांत जुनी पाटी समजली जाते. तिच्यावर कोणाचे नाव होते हे आज कोणालाही सांगता येत नाही. माझ्या आईने, व तिच्या मागे माझ्या पत्नीने, ही पाटी दर शनिवारी विटकरीच्या पुडीने घासून लख्ख ठेवली. त्यात अक्षरे गेली. त्या दोघींची नावे पुढीलप्रमाणे.’

पुढे दोघींची पूर्ण नावं आहेत, माहेरच्या आडनावांसकट. सेक्रेटरींची एकच अट होती. ‘लख्ख’ हा शब्द इतिहासाला शोभत नाही, ‘स्वच्छ’ लिहा म्हणाले. मी म्हटलं, बाकी काहीही बदला, तो राहू द्या. त्यांनी छापखान्यात जाऊन मुद्रितं स्वतः तपासली, आणि दोन्ही नावांत चूक राहू नये म्हणून मला घरी येऊन विचारून गेले. माणूस मनानं वाईट नाही.

रविवारी दीडशे वर्षांची उपासना झाली. बाहेरगावची माणसं आली होती, मागे उभं राहायला जागा नव्हती. पाळकसाहेबांनी इतिहास उभं राहून सगळाच्या सगळा वाचला. कर्नल आणि पाद्री चालू होते तोवर लोकांनी स्मरणिकेनं वारा घेतला. बरेच पेंगले. मी बाकाच्या कडेला बोटं रोवून वाट बघत होतो. पाटीचं आलं तसा स्मरणिकांचा वारा थांबला. आईचं नाव झालं, तिचं नाव झालं.

आणि मग मागून ऑर्गनवालीच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती शेजारणीच्या कानात सांगते ते सगळ्या चर्चला कळतं. ती म्हणाली, “तीच गं ती. मी एकदा पाटीला डोकं टेकलं तर माझ्या अंगावर आली, म्हणाली, तेल लागतं, सरळ बसा.”

लोक हसले, ताई. ज्याला मी महिनाभर भीत होतो ते सगळं एकदम झालं. पुढच्या बाकावर सुतार मागे वळून म्हणाला की मलाही ओरडली होती. आणखी कुणीतरी म्हणालं, मलाही. सेक्रेटरींनी रुमाल तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. पाळकसाहेब कागद खाली धरून थांबले आणि त्यांनी लोकांना हसू दिलं. तिच्याबद्दल घरात कुणी असं बोलून किती दिवस झाले होते, सगळे आवाज खाली करून बोलतात. मीही हसलो. मला वाटतं जरा मोठ्यानंच हसलो, कारण शेजारच्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग पाळकसाहेबांनी कागद वर घेतला आणि पुढचं वाचायला लागले. छपराच्या दुरुस्तीचा भाग होता.

आता पडून राहावंसं वाटतं. दाजींना सलाम. माया करतेस तशीच करत राहा, याहून जास्त काय मागू.

तुझा धाकटा भाऊ